टँकर आणि नळ

कराडला खेटून, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं मलकापूर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक म्हणजे इथलं कृष्णा रुग्णालय आणि त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय. दुसरी गोष्ट पाण्याची. चोवीस तास पाणी देणारं, नळाला मीटर बसवणारं आणि वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्यानं दर वाढवणारं लहान गाव म्हणून मलकापूरचा देशपातळीवर गौरव झाला. मधुमेहाच्या सामुदायिक कामाबद्दल लिहायला बसलं की मला रुग्णालयाआधी ही पाणीयोजनाच आठवते. पाणी टँकरनं येतं तेव्हा गर्दी होते, भांड्यांची रांग लागते, कोण वाटतंय ते सगळ्यांना दिसतं, फोटो निघतात. नळानं येतं तेव्हा दिसण्यासारखं काही नसतं, ठरलेल्या दिवशी मीटरचा आकडा तेवढा नोंदला जातो. मधुमेह रोखण्यासाठी आणि त्यावर उपचार मिळावेत म्हणून आपण गावोगावी जे कार्यक्रम करतो, ते बहुतेक टँकरचे आहेत. या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. शिबिरांवर खर्च होणारा पैसा आणि माणसांचा उत्साह यांचा मोठा वाटा, जो रुग्ण सापडला आहे त्याच्या पुढच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्याकडे वळवला पाहिजे. जिथे पाठपुराव्याची सोय उभी नाही तिथे शिबिर घेऊच नये.

शिबिरात नेमकं काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे. सकाळी मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात टेबल मांडलं जातं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं जातं, यंत्रावर आकडा येतो. येणारा माणूस चहा-नाष्टा करून आलेला असतो, म्हणून तो आकडा निदानाचा नसतो, संशयाचा असतो. निदानाला उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांची २०० किंवा त्याहून अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीचं प्रमाण साडेसहा टक्के किंवा अधिक असं काहीतरी लागतं. लक्षणं नसतील तर तीही तपासणी एकदा पुन्हा करून खात्री करावी लागते. म्हणजे शिबिरात १९० आकडा आलेल्या माणसाला आपण सांगतो ते एवढंच, की उद्या उपाशीपोटी येऊन पुन्हा तपासा. तो उद्या बहुतेकदा उगवत नाही. दुखत काही नसतं, रानात पाण्याची पाळी असते, आणि ‘गोळी एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते’ ही भीती गावात घरोघर असते. शिबिराच्या अहवालात मात्र तपासलेल्यांची संख्या येते, संशयितांची येते, आणि अहवाल तिथे संपतो. त्या संशयितांतले किती जण दुसऱ्या तपासणीला आले, किती जणांची गोळी वर्षानंतरही चालू आहे, किती जणांची साखर आटोक्यात आहे, हे रकाने छापलेलेच नसतात.

हे रकाने महत्त्वाचे का, ते देशाच्या आकड्यांवरून दिसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या इंडियाब या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे आकडे वर्तमानपत्रांनी ठळक छापले. त्याच अभ्यासाचा त्याआधीच्या वर्षी आलेला एक निष्कर्ष मात्र कमी लोकांनी वाचला असेल. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना आधीच ठाऊक होतं, त्यांच्यापैकी साखर आटोक्यात असलेले ३६ टक्के होते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही गोष्टी ज्यांनी काबूत ठेवल्या होत्या, ते आठ टक्केही नव्हते. ही माणसं सापडलेली होती. कुणीतरी त्यांची साखर तपासली होती, त्यांना सांगितलं होतं, पुष्कळांच्या खिशात गोळ्याही होत्या. तरीही त्यांचे डोळे, मूत्रपिंडं आणि पाय हळूहळू निकामी होण्याच्या वाटेवर होते. रुग्ण शोधला म्हणजे काम झालं, या समजुतीला याहून मोठा धक्का कोणता हवा?

इंग्लंडमधल्या केंब्रिज परिसरात झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या, चाळिशी ते सत्तरीतल्या सुमारे वीस हजार माणसांचा त्यात समावेश होता. काही दवाखान्यांनी त्यांना तपासणीला बोलावलं, काहींनी नाही. सरासरी साडेनऊ वर्षांनी मोजलं तेव्हा दोन्हीकडच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे, आणि मी तो गंभीरपणे घेतो. तिथे प्रत्येक माणसाचा ठरलेला डॉक्टर असतो, न बोलावताही आजार कधीतरी लक्षात येतो. आपल्याकडे पायाची जखम चिघळल्यावर, बोट काळं पडल्यावर साखर पहिल्यांदा तपासली जाते. मग शोधमोहीम कशी सोडायची? ती सोडा असं मी म्हणत नाही. दहा वर्षं न कळता अंगात राहिलेली साखर किती नासाडी करते ते या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझं म्हणणं क्रमाचं आहे. एखाद्या उपकेंद्राला महिन्याला पन्नास रुग्ण नीट सांभाळता येत असतील, तर एका दिवसात दोनशे संशयित शोधून त्यांच्यावर आदळणं म्हणजे दीडशे जणांना आजाराचं नाव देऊन वाऱ्यावर सोडणं. आणि एकदा असं सोडलेला माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. ‘मागे एकदा तपासली होती, काही झालं नाही’ हे त्याचं उत्तर तयार असतं. आपल्याच घाईनं ते त्याच्या तोंडी घातलेलं असतं.

पाठपुरावा केला तर फरक पडतो का, याचंही उत्तर आपल्याकडे आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत साडेअकराशेच्या आसपास मधुमेही रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार होते. उरलेल्यांसाठी दोनच गोष्टी वाढवल्या होत्या. डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती रुग्णाच्या मागे राहायची, त्याला बोलावणं, आठवण देणं, चुकला तर विचारणं हे तिचं काम; आणि पुढचा उपचार काय असावा ते डॉक्टरला सुचवणारी संगणकाची नोंद. अडीच वर्षांनी साखर आणि तिच्यासोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत आठ टक्के होतं, या गटात अठरा टक्के. नवीन औषध नव्हतं, नवीन यंत्र नव्हतं. अठरा टक्के हाही काही मोठा आकडा नाही, हे मला मान्य आहे, पण दुपटीहून अधिक झालेला हा फरक माणसाच्या मागे माणूस राहिल्यानं पडला.

मलकापूर ज्या जिल्ह्यात आहे त्या साताऱ्याला तर हे धडे बाहेरून आणायचीही गरज नाही. २०१८ च्या सुमारास उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाऱ्यासोबत सातारा होता. त्या उपक्रमाची रीत साधी होती. सगळ्या सरकारी दवाखान्यांत उपचाराचा एकच ठरलेला क्रम, ठरलेली मोजकी औषधं आणि ती संपू न देण्याची काळजी, डॉक्टरांचं काम परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत वाटून घेणं, घराजवळच्या केंद्रात पुढच्या गोळ्या देणं, आणि कोण आला, कोण चुकला याची नाव-गावासह नोंद. या पाच गोष्टींपैकी गोळ्यांच्या पुरवठ्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सगळं तिथेच अडतं. रक्तदाब असो की साखर, गोळी महागडी नसते. मेटफॉर्मिन ही मधुमेहातली पहिली गोळी अतिशय स्वस्त आहे. पण दहा दिवसांच्याच गोळ्या हातात पडल्या, तर महिन्यातून तीनदा रोजगार बुडवून यावं लागतं. दुसऱ्या फेरीला साठा संपलेला असतो, आणि तिसऱ्या फेरीला माणूस येत नाही. त्याला आपण ‘बेफिकीर रुग्ण’ म्हणून मोकळे होतो. एका वेळी महिन्याच्या, आजार स्थिरावला असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घराजवळ मिळण्याची खात्री, ही दहा व्याख्यानांहून मोठी जनजागृती आहे.

आता प्रतिबंधाकडे वळू. आक्षेप असा घेतला जातो की सापडलेल्यांच्या मागे राहणं हे उपचाराचं काम झालं, ज्यांना आजार झालेलाच नाही त्यांच्यासाठी तरी मोठे जाहीर कार्यक्रमच लागतात. पुरावा वेगळं सांगतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना तीन वर्षं तपासलं. ज्यांना नुसता साधा सल्ला मिळाला त्यांच्यापैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले. ज्यांच्या आहाराकडे आणि चालण्याकडे सतत लक्ष दिलं गेलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिलं. वजन विशेष घटलं नव्हतं, तरीही. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात सहा वर्षं लोकांच्या मागे राहून मदत केली गेली. तीस वर्षांनी पाहिलं, तर त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षांनी लांबला होता आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी होते. प्रतिबंधाची जी थोडीफार यशं आपल्याला ठाऊक आहेत, ती अशी नाव माहीत असलेल्या माणसामागे वर्षानुवर्षं राहून मिळालेली आहेत. एक दिवसाच्या फेरीनं आणि फलकांनी मधुमेह टळल्याचा असा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही.

केरळचा अनुभव इथे लपवून चालणार नाही, कारण तो माझ्या बाजूचा वाटत नाही. तिथे साठ मतदान केंद्रांच्या परिसरातून हजारावर लोक निवडले. अर्ध्या परिसरांत गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी वर्षभर गटांच्या बैठका घेतल्या. दोन वर्षांनी मधुमेह झालेल्यांचं प्रमाण बैठका झालेल्या परिसरांत १५ टक्के आणि उरलेल्या परिसरांत १७ टक्के निघालं, आणि संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक ठोस ठरला नाही. मग समाजातलं काम फुकट जातं का? मी तसं वाचत नाही. त्या गटांत नुसत्या धोक्याच्या गुणांवरून निवडलेली माणसं होती. रक्तातली साखर पूर्ण ठीक असलेलेही त्यात बरेच होते, आणि बैठकांचा जोर पहिल्या वर्षापुरता होता. यातून मी दोन गोष्टी घेतो. ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांना रक्त तपासून नेमकं ओळखा, आणि वर्षभरानं हात सोडू नका. फळं-भाज्या खाण्यात त्या गटांत सुधारणा झाली होती, म्हणजे शेजारच्या माणसाचं लोक ऐकतात. ऐकलेलं टिकवायला मात्र वेळ द्यावा लागतो.

‘गोड खाऊन, बसून राहून हा आजार लोक ओढवून घेतात, त्यांच्यासाठी समाजानं इतकं का करावं?’ हा प्रश्न उघडपणे कमी आणि मनातल्या मनात फार विचारला जातो. त्याचं उत्तर पुण्यानं दिलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातली चरबी त्या मानानं टिकून होती, तूट होती ती स्नायूंची. आईच्या पोटात असतानाच मधुमेहाची जमीन तयार होते, असं हे संशोधन सांगतं. शेतात राबणारी, अर्धपोटी जेवणारी आई या दोषाची धनी कशी? म्हणूनच ‘मी बारीक आहे, मला कशी होईल साखर?’ या प्रश्नावर हसू नये. वजनकाट्यापेक्षा साधी शिंप्याची टेप इथे जास्त खरं बोलते. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा आहे. आशाताई तिशीच्या पुढच्या माणसांचा जो तक्ता भरतात, त्यातही हा घेर असतो, सोबत तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला आजार.

आईचा विषय निघाला आहे तर जिथे पाठपुराव्याचा दोर सर्वांत जास्त वेळा तुटतो त्या जागेबद्दल बोलतो. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासायची, १४० किंवा त्याहून वर गेली तर गरोदरपणातला मधुमेह समजायचा, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, असं सरकारी मार्गदर्शन आहे. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो. म्हणजे प्रतिबंधासाठी सर्वांत नेमकी ओळखलेली व्यक्ती हीच. पण आपल्याकडे नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या महिन्यानंतर मुलगी माहेरी जाते, बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात होतं, आणि सहावा आठवडा येतो तेव्हा ती माहेरी असते किंवा सासरच्या वाटेवर. सासरच्या आशाताईंना वाटतं तिकडे तपासलं असेल, माहेरच्या ताईंच्या यादीत ती कधी नसतेच. बाळाच्या लशीची तारीख दोन्ही घरं लक्षात ठेवतात, आईच्या रक्ताची कुणीच ठेवत नाही. यावरचा उपाय मला अगदी साधा दिसतो. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लशीच्या दिवशीच, त्याच टेबलावर, आईची साखर तपासावी आणि बाळाच्या कार्डावरच तिचा आकडा लिहावा. ते कार्ड कोणतीही आई हरवत नाही.

असाच दोर मुंबईला माथाडी कामासाठी गेलेल्या पाटण-जावळीच्या माणसांचा तुटतो. उमेदीची वर्षं तिकडे, उपचाराचे कागद तिकडे, आणि गावी परतताना सोबत येतो तो आजार. ऊसतोडीला मराठवाड्यातून येणारी कुटुंबं हंगामाचे पाच-सहा महिने आपल्या फडात असतात, पण दोन्हीकडच्या याद्यांतून ती निसटतात. त्यांच्या हाती गोळी, आकडा आणि पुढची तारीख लिहिलेली मराठी वही दिली, तर ती कोणत्याही गावात दाखवता येईल. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या मोठ्या संख्येसाठीही हीच वही उपयोगी आहे. सरकारी यादी आणि खासगी चिठ्ठी एकमेकांना ओळखत नाहीत, वही दोघांना ओळखेल. संगणकावर सगळं आहे, वही कशाला, असं विचारलं जातं. संगणकातली नोंद रुग्णाच्या हातात नसते, त्यामुळे स्वतःच्या आजारावर त्याची स्वतःची नजर राहत नाही.

हे सगळं करणार कोण? आशाताईंवर आधीच लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सर्वेक्षणं अशी कामं आहेत, आणि मोबदल्यासाठी त्यांना २०२३ मध्ये संपावर जावं लागलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. त्यांच्या माथ्यावर आणखी एक गाठोडं ठेवून मोकळं होणं हा अन्याय आहे, आणि ते चालणारही नाही. पाठपुराव्याचं काम वेगळं मोजून त्याचा वेगळा, वेळेवर मोबदला दिला पाहिजे. आणि काही काम गावातल्या इतर, घडी बसलेल्या व्यवस्थांनी उचललं पाहिजे. कृष्णा-कोयनेच्या काठचा शेतकरी मोजमापाला नवखा नाही. आपल्या म्हशीच्या दुधाला आज किती फॅट लागली ते त्याला दूध डेअरीच्या चिठ्ठीवरून रोज कळतं. कारखान्याचा साखर उतारा किती पडला यावर पारावर चर्चा होते. जी डेअरी सकाळ-संध्याकाळ उघडते, त्याच ओट्यावर महिन्यातून एक सकाळ उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब मोजायला परिचारिका बसू शकते. बचत गटाची बैठक महिन्याला होतेच, हप्त्याच्या नोंदीशेजारी गोळीची नोंद होऊ शकते. आणि हो, पाय पाहिले पाहिजेत. अनवाणी किंवा चपलेवर रानात जाणाऱ्या माणसाच्या तळव्याची संवेदना गेली की काटा रुतलेला कळत नाही. वर्षातून एकदा मोजे-चपला काढून तळवा पाहणं आणि डोळ्यांचा पडदा तपासून घेणं हे टाळायला मोठं रुग्णालय जवळ असलेल्या मलकापूरसारख्या गावाला सबब उरत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो. शिबिराला मंडप, फलक, पाहुण्यांचा मान, नाष्टा यांवर जे जातं, त्यात एका गावाच्या रुग्णांच्या वर्षभराच्या तपासणीच्या पट्ट्यांचा बराच भाग निघेल. पण पाहुण्याला पट्टीचा फोटो काढता येत नाही, आणि देणगीदाराला आकडा एका दिवसात हवा असतो. ही अडचण खरी आहे, म्हणून देणाऱ्यांनीच मागणी बदलायला हवी. मलकापूरनं पाण्याला मीटर लावले तेव्हा लोकांना ते जाचक वाटेल अशी शंका होतीच. नळाला रोज पाणी येऊ लागल्यावर बिल भरणं त्यांना मान्य झालं. आरोग्याच्या बाबतीतही माणूस शिस्त पाळतो, पण समोरची सेवा त्याच्याआधी शिस्तीत आली तर.

येत्या १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, तुमच्या गावात, पतसंस्थेत किंवा कारखान्यावर शिबिर होईल. मंडळ, संस्था किंवा कंपनी म्हणून ते भरवणारे तुम्ही असाल, किंवा वर्गणी मागायला कुणी तुमच्या दारी येईल. त्या वेळी एकच कागद मागा: मागच्या वर्षीच्या शिबिरात ज्यांची साखर जास्त निघाली त्यांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे शेवटच्या तपासणीची तारीख. तो कागद नसेल, तर यंदाचे पैसे त्या यादीतली माणसं शोधून त्यांची पुन्हा तपासणी करण्यासाठी द्या.